सासूबाईंच्या नावाचं कडं

धाकट्या लेकीला जुळं झालं आणि सासूबाई तिच्या मदतीला जायच्या ऐवजी थोरल्या लेकीकडे मुक्कामाला आल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. त्यांचं म्हणणं असं, की दोन पोरं एकदम रडायला लागली की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. आणि सासूबाईंना स्वतःचं बोलणं ऐकायची फार हौस.

थोरलीचा नवरा कवळ्या बनवायचा. सगळी गल्ली त्याला कवळीवालाच म्हणे आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. घराच्या तळमजल्यावर त्याची कामाची खोली होती. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, टेबलावर मेण वितळवायचा दिवा, घासायचं यंत्र, हिरडीच्या गुलाबी रंगाच्या डब्या, आणि या सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. दातांचे तीन डॉक्टर त्याच्याकडे काम पाठवत. शिवाय काही म्हातारे सरळ दारात येऊन तोंड उघडत. त्याची कवळी घातलेला माणूस अख्खं सफरचंद चावून दाखवी. आसपासच्या चार गल्ल्यांतली निम्मी म्हातारी माणसं त्याच्या दातांनी हसत होती.

फक्त सासूबाई नाही.

त्याचं कारण बावीस वर्षांपूर्वीचं. लग्न जुळवणाऱ्या मामांनी "मुलगा दातांचं काम करतो" एवढंच सांगितलं होतं, आणि सासूबाईंनी त्याला परस्पर डॉक्टर करून टाकलं. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्या जावयाचा दवाखाना बघायला म्हणून आल्या, तर समोर फळीवर चाळीस जबडे. त्या दारातूनच परत फिरल्या. तेव्हापासून कुणी विचारलं तर "जावई दातांच्या क्षेत्रात आहेत" म्हणत आणि विषय बदलत. पुढे त्यांचे स्वतःचे दात गेले, तेव्हा त्यांनी दोन तास प्रवास करून भलत्याच माणसाकडून कवळी करून आणली. ती बसत नव्हती. बोलताना खटखट वाजे. हसताना वरची खाली येई, म्हणून सासूबाईंनी हसणंच सोडलं होतं.

कवळीवाल्याच्या कानांना ती खटखट म्हणजे शिक्षा होती. आपल्याच घरात, आपल्याच सासूच्या तोंडात, दुसऱ्या माणसाचं असलं भिकार काम! रोज सकाळी चहाच्या टेबलावर तो विषय काढी.

"आई, नुसतं माप देऊन बघा. तीन मिनिटांचं काम."

"राहू द्या, जावईबापू." खट. "माझं चाललंय." खट. "तुम्ही तुमची गिऱ्हाइकं सांभाळा."

बायको म्हणे, "अहो, सोडा ना नाद. बावीस वर्षं झाली."

पण तो सोडेना. सासूबाईंनी एकदा आपल्या खुर्चीत बसावं आणि आपल्यासमोर तोंड उघडावं, एवढी एकच इच्छा तो मनात धरून होता.

नाही म्हणायला त्याला दुसराही एक नाद होता. गच्चीवर त्याने स्वतः घडवलेली आरशाची दुर्बीण होती आणि तिच्यातून तो तेजोमेघांचे फोटो काढायचा. तेजोमेघ म्हणजे आकाशातले वायूचे अवाढव्य ढग. नुसत्या डोळ्यांना ते दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल. दुर्बिणीला कॅमेरा लावून एकाच जागेचे पाच-पाच मिनिटांचे शंभर फोटो काढायचे, मग संगणकावर ते एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे ढग हळूहळू वर येतो. ताऱ्यांच्या मागोमाग दुर्बीण फिरवणारं यंत्रही त्याने स्वतःच केलं होतं. कवळीच्या कामाचा हात, रात्रभरात केसाइतकीही चूक नाही. याचा त्याला फार अभिमान होता.

ढग रंगवायचा हातही मात्र कवळीचाच. तेजोमेघ मुळात तांबूस असतो, पण याच्या संगणकावर आला की तो बरोबर हिरडीच्या गुलाबी रंगावर जाऊन थांबे. त्याच्या आकाशमित्रांचं एक मंडळ होतं. त्याचा चिटणीस गल्लीच्या टोकाचा चष्मेवाला. तो प्रत्येक फोटो बघून म्हणे, "अरे बाबा, हे आकाश आहे. याला मंजन लावू नकोस." सासूबाईंना पहिला फोटो दाखवला तेव्हा त्या डोळे बारीक करून म्हणाल्या, "कुणाची हिरडी सुजलीय ही?"

आता इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. कॅमेऱ्याच्या तोंडाशी एक काच असते. तिच्यावर धुळीचा एखादा कण बसला की फोटोत त्याची सावली पडते. आरशाच्या दुर्बिणीत ती सावली गोल कड्यासारखी दिसते. मग करायचं काय, तर संध्याकाळी उजेड असताना दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून त्याचा एक फोटो काढायचा. याला ते लोक कोरा फोटो म्हणत. कोऱ्या फोटोत तारा नसतो, ढग नसतो, फक्त धुळीच्या सावल्या असतात. संगणक तो बघतो, आणि कोऱ्यात जिथे काळं असेल तिथे खऱ्या फोटोत तेवढंच उजळ करतो. सावली गायब.

हा कोरा फोटो दर वेळी नवा काढावा असा चष्मेवाल्याचा दंडक होता. कवळीवाला तो पाळायचाही. पण त्या थंडीत त्याने दुर्बिणीला ताणलेलं पांढरं कापड म्हणजे सासूबाईंच्या उशीचा अभ्रा निघाला.

"माझा अभ्रा त्या नळकांड्याच्या तोंडाला?" सासूबाई गच्चीचा जिना चढून वर आल्या होत्या, यावरून राग समजून घ्यावा. "आणि रात्री मी त्याच्यावर डोकं ठेवायचं? जावईबापू, मी जबड्यांच्या डोक्यावर झोपते ते काय थोडं झालं?"

अभ्रा जप्त झाला. दुसरं सुरकुती नसलेलं पांढरं कापड शोधायचा कवळीवाल्याने कंटाळा केला आणि त्या दिवशी काढलेला कोरा फोटोच पुढे वापरत राहिला. चष्मेवाल्याला सांगितलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी त्याने वायर बदलायला कॅमेरा खाली आणला. तो पुन्हा बसवताना रेघेला रेघ जुळावी म्हणून आधी बारीक खूण करून घेतली होती. कॅमेरा जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवला, तेवढ्यात खाली डॉक्टरचा माणूस काम घेऊन आला. दहा मिनिटांनी वर आला तर कॅमेरा जागच्या जागी होता. सासूबाई शेजारच्या खुर्चीत बसून चष्म्याचं फडकं घडी करत होत्या.

"इथे कुणी हात नाही ना लावला?" त्याने विचारलं.

"तुमच्या वस्तूंना कोण हात लावतंय," सासूबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्याला ते दिसलं.

सकाळची वेळ. बायको भाजी चिरत होती, सासूबाई तिला ती कशी चिरावी ते सांगत होत्या. कवळीवाल्याने रात्रीचे फोटो एकावर एक रचले, ढग वर काढला, आणि ढगाच्या बाजूला, वरच्या उजव्या कोपऱ्यात, एक कडं. फिकट, गोल, मधे पोकळ, उजळ. कुणीतरी मापून आखल्यासारखं.

त्याने त्याच्याजवळच्या तेजोमेघांच्या सगळ्या याद्या चाळल्या. त्या जागी काहीच नोंदलेलं नव्हतं. दुसऱ्या रात्री पुन्हा त्याच ढगाचे फोटो काढले. कडं पुन्हा त्याच जागी. असे मेलेल्या ताऱ्याभोवती कड्यासारखे तेजोमेघ असतात, हे त्याला ठाऊक होतं. पण नवा? आपल्या गच्चीवरून?

तो चष्मेवाल्याच्या दुकानात धावत गेला. चष्मेवाल्याने फोटो चार भिंगांतून पाहिला. "दोन रात्री त्याच जागी?"

"त्याच. केसभर इकडे नाही."

"कोरा फोटो काढला होतास ना?"

"काढला होता की," कवळीवाला म्हणाला. खोटं नव्हतं.

"मग रविवारी मंडळात दाखव. मंडळाने मान डोलावली की वेधशाळेला पत्र लिहू."

घरी आल्यावर कवळीवाल्याला काय झालं कोण जाणे, तो सरळ सासूबाईंसमोर उभा राहिला. "आई, आकाशात एक नवीन कडं सापडलंय. नाव द्यायची वेळ आली तर तुमचं देणार."

सासूबाईंनी फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला.

"हे माझं?"

"तुमचं."

"सुबक आहे," सासूबाई म्हणाल्या. बायकोच्या हातातली सुरी थांबली. आईच्या तोंडून नवऱ्याच्या कामाबद्दल असा शब्द तिने बावीस वर्षांत ऐकला नव्हता. "मोठ्या ढगासारखं पसरलेलं, गबाळं नाही. जावईबापू, हे मंडळात सगळ्यांनी मान्य केलं, तर मी तुम्हाला माप देईन."

कवळीवाला त्या रात्री दुर्बिणीजवळ गेलाच नाही. खाली बसून त्याने जबड्याचं माप घ्यायच्या सगळ्या वाट्या उकळून काढल्या.

सासूबाई काही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. दोन दिवसांत गल्लीभर झालं. दूधवाल्याला सांगून झालं, पोस्टमनला झालं, धाकट्या लेकीला फोनवरून झालं. तिला जुळ्यांच्या रडण्यात फक्त "आकाशात", "माझं" आणि "कडं" एवढंच ऐकू आलं, तर तिने रडतच थोरलीला फोन केला, "ताई, आईला काय झालं गं?"

शुक्रवारी आभाळ स्वच्छ होतं. हात शिवशिवायला लागले म्हणून कवळीवाल्याने आकाशाच्या पार दुसऱ्या टोकाचा एक ढग धरला. शनिवारी सकाळी फोटो रचले. ढग आला, हिरडीच्या रंगाचा. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात सासूबाईंचं कडं.

त्याने डोळे चोळले. गेल्या वर्षीचा एक जुना फोटो काढून त्यालाही तोच कोरा फोटो लावून बघितला. तिथेही कडं. सासूबाईंच्या नावाचा तेजोमेघ, ढग कुठलाही असो, त्याच्या मागोमाग येत होता.

माणसाच्या डोक्यात एकदम उजेड पडतो तो नेहमी सुखाचा असतोच असं नाही. त्याने कोरा फोटो उघडला. त्याच कोपऱ्यात धुळीच्या कणाची काळी सावली. म्हणजे अभ्र्याच्या दिवशी काचेवर कण होता. नंतर तो कधीतरी गेला. संगणकाला बिचाऱ्याला काय माहीत? तो इमानाने, नसलेल्या सावलीला उजळ करत बसला होता. कडं आकाशात नव्हतंच. एकेकाळी जिथे प्लास्टरचा कण बसला होता, तिथे ते होतं.

तो खाली कामाच्या खोलीत येऊन बसला. उद्या चार वाजता मंडळ. चष्मेवाल्याला आधी सांगावं, की आधी...

"जावईबापू."

दारात सासूबाई. बावीस वर्षांनी त्यांनी तो उंबरा ओलांडला. फळीवरच्या जबड्यांकडे न बघता त्या आत आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"म्हटलं उद्यापर्यंत कशाला थांबायचं. मान्य तर होणारच आहे. घ्या काय ते माप." आणि त्यांनी कवळी काढून पेल्यात ठेवली.

कवळीवाल्याचे हात त्याच्या डोक्याला न विचारता चालायला लागले. त्याने भुकटी घेतली, पाणी ओतलं, रबरी भांड्यात लगदा घोटला. हा लगदा दोन-अडीच मिनिटांत घट्ट होतो, मग त्याचा काही उपयोग नाही. त्याने तो वाटीत भरला. सासूबाईंनी तोंड उघडलं. त्यांच्या हिरड्या बघून त्याला भरून आलं. काय सुंदर जबडा होता! आणि त्या दुसऱ्या माणसाने त्याची काय दशा केली होती, दोन्ही बाजूंना घासून लाल झालेलं.

वाटी ओठांपाशी गेली आणि थांबली.

"आई," तो म्हणाला, "ते कडं खरं नाही."

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं.

"धुळीचा कण होता काचेवर. कोऱ्या फोटोत तो आला, नंतर काचेवरून तो नाहीसा झाला. त्यामुळे फोटोत उजळ डाग पडला. आकाशात तसं काही नाहीच. मला आत्ताच कळलं. उद्या मंडळात तेच सांगणार आहे."

लगदा वाटीत घट्ट होत होता. त्याला ते बोटांना जाणवत होतं.

सासूबाईंनी तोंड मिटलं. "कण," त्या दातांशिवाय म्हणाल्या. "काचेवरचा?"

"हो."

"तो नाहीसा कसा झाला?"

"झडला असेल. नाहीतर कुणीतरी... पण कॅमेऱ्याला कुणी हात लावत नाही."

सासूबाईंचा चेहरा असा काही झाला, की कवळीवाल्याने मान खाली घातली. त्या उठल्या, पेल्यातली कवळी उचलली आणि जिना चढून गेल्या. वाटीतला लगदा दगड झाला. त्याने तो उपडा केला. त्यावर कुणाचाच ठसा नव्हता.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, एक दिवस थांबला असतात तर? आधी माप घ्यायचं, मग सांगायचं."

"मग ते दात त्यांच्या तोंडात बसले असते," कवळीवाला म्हणाला, "पण माझ्या घशात अडकले असते."

रविवारी चार वाजता चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत मंडळ भरलं. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. एरवी नऊ माणसं येत. त्या दिवशी वीस, कारण सासूबाईंच्या दहा मैत्रिणींनी पुढच्या दोन रांगा धरल्या होत्या. सासूबाई मधोमध बसल्या होत्या, तोंड घट्ट मिटून.

कवळीवाल्याने तीन वेगवेगळे ढग एकापाठोपाठ भिंतीवर दाखवले. तिन्हींच्या कोपऱ्यात तेच कडं. मंडळातल्या जुन्या लोकांनी तिसऱ्या फोटोलाच "अरेरे" केलं. मैत्रिणींनी मात्र टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, एका कड्याची तीन झाली.

"म्हणजे कोरा फोटो शिळा वापरलास," चष्मेवाला कडाडला. त्याला दुःखाबरोबर थोडा आनंदही झाला असावा. "मी काय सांगत होतो दर वेळी?"

"वापरला. चुकलं."

"पण मग कण गेला कुठे? प्लास्टरचा कण असा आपोआप झडत नाही, चिकटतो. काच पुसलीस का?"

"मी नाही पुसली."

"मग कुणी पुसली?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

त्या उठून उभ्या राहिल्या. "जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. पांढरा ठिपका दिसला. माझ्यासमोर घाण असली की माझा हात थांबत नाही. पुसला आणि गप्प बसले. आणि तो अभ्राही मीच काढून घेतला होता, नाहीतर यांनी नवा फोटो काढला असता." खट. "तेव्हा यांना कुणी बोलायचं नाही. जे झालं ते माझ्यामुळे झालं."

मंडळातला एक जण छातीवर हात ठेवून खाली बसला. कॅमेऱ्याची काच, आणि हाताने पुसली! चष्मेवाल्याने स्वतःचा चष्मा काढला. "बाई... पुसली कशाने?"

"चष्म्याच्या फडक्याने. तुमच्याच दुकानातल्या. फुकट देता ना, त्या."

कवळीवाल्याने पिशवीतून कॅमेरा काढला. चष्मेवाल्याने डोळ्याला भिंग लावून काच उजेडात धरली. सगळी माणसं खुर्चीत पुढे सरकली.

"एक ओरखडा नाही," शेवटी तो म्हणाला. "मी तीस वर्षं काचा पुसतोय. मला अशी पुसता येत नाही."

मैत्रिणींनी या वेळी योग्य जागी टाळ्या वाजवल्या.

परतताना सासूबाई पुढे आणि कवळीवाला दोन पावलं मागे. कामाच्या खोलीपाशी त्या थांबल्या आणि सरळ आत शिरल्या.

"बघता काय? कालवा तो चिखल."

"आई, पण मंडळाने मान्य नाही केलं."

"मंडळाला विचारतंय कोण? काल माझं तोंड उघडं होतं, वाटी तुमच्या हातात होती, आणि तुम्ही बोललात. मी मात्र काच पुसून इतके दिवस गप्प होते, आणि काल कारण कळल्यावरही गप्पच वर गेले. आता फेडू द्या मला ते."

त्याने लगदा घोटला, वाटी भरली, अलगद आत बसवली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच सासूबाई तीन मिनिटं काही बोलू शकणार नव्हत्या. या तीन मिनिटांसाठी त्याने केवढं साठवून ठेवलं होतं! चौथ्या दिवशीचा तो उंबरा, ते "दातांच्या क्षेत्रात", सगळं. ऐन वेळी त्याच्या तोंडून निघालं, "आई, नाकाने श्वास घ्या."

त्यांनी घेतला.

कवळी आठ दिवसांत झाली. हिरडीचा रंग कुठला हवा म्हणून विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्या सुजलेल्या ढगाचा." पहिल्यांदा घालून त्या हसल्या तेव्हा वरची जागची हलली नाही. मग त्यांनी जरा मोठ्याने हसून बघितलं. मग आणखी मोठ्याने. शेजारचे लोक खिडकीशी आले. त्यानंतर कुणी जावयाबद्दल विचारलं तर सासूबाई "कवळ्या करतात, ही बघा" म्हणून तोंडातून काढूनच दाखवत. त्यामुळे पाहुण्यांचं येणं जरा कमी झालं.

कड्याचा फोटो कवळीवाला पुसून टाकणार होता. सासूबाईंनी टाकू दिला नाही. "माझ्या हातचं आहे ते," म्हणाल्या. जिन्यात भिंतीवर तो टांगला, खाली त्यांचं नाव लिहिलं. चष्मेवाला जिना चढताना त्या बाजूला बघत नसे. आणि दुर्बिणीच्या तोंडासाठी दर महिन्याला न मागता एक इस्त्री केलेला अभ्रा वर येऊ लागला.

सासूबाई वारल्या त्या धाकटीची जुळी दुसरीत गेली त्या वर्षी, थंडी संपता संपता, एका मंगळवारी सकाळी. चहा घेऊन झाला होता आणि दात तोंडात होते.